हायब्रिड गाडीचा अपघात : बंबावरून उतरल्यानंतरची पहिली दहा मिनिटे

मी मराठवाड्यातील एका नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रात लीडिंग फायरमन आहे. आमचे केंद्र धुळे–सोलापूर महामार्गापासून जवळ असल्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या वर्दींमध्ये, म्हणजे मदतीसाठी आलेल्या खबरींमध्ये, आगीइतक्याच रस्त्यावरच्या अपघातांच्या असतात. ऊसतोडीच्या हंगामात रात्री ट्रॉल्यांवर मागून आदळणाऱ्या गाड्या, नवरात्रात तुळजापूरला निघालेली वाहने, घाटात ब्रेक गेलेले ट्रक, या सगळ्यांत अडकलेल्या माणसांना बाहेर काढण्याची आमची पद्धत बसलेली होती. गाडीजवळ जायचे, बोनेट उघडून बॅटरीची वायर तोडायची, डिझेल किंवा पेट्रोल गळते आहे का ते पाहायचे, एकाने होज घेऊन तयार राहायचे आणि बाकीच्यांनी स्प्रेडर-कटर (पत्रा फाकवणारे आणि कापणारे यंत्र) घेऊन कामाला लागायचे. हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या, गाड्या रस्त्यावर वाढू लागल्यावर या पद्धतीत काय बदलावे लागले, ते आम्ही कसे शिकलो आणि एका रात्री ते प्रत्यक्षात कसे करावे लागले, हे मी येथे लिहीत आहे. आमच्यासारख्या छोट्या केंद्रांवर काम करणाऱ्यांना, १०८ रुग्णवाहिकेवरील मंडळींना आणि अपघातस्थळी सर्वांत आधी पोहोचणाऱ्या गावकऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा, एवढीच अपेक्षा आहे.

पहिली अडचण ओळखण्याची आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी आहे. पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या गाडीची नंबरप्लेट हिरवी असते, त्यामुळे ती लांबूनही कळते. हायब्रिड गाडीची प्लेट मात्र कोणत्याही पेट्रोल गाडीसारखी पांढरीच असते. त्यातही आपल्याकडे ‘हायब्रिड’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या गाड्यांवर लिहिलेला आढळतो. मारुतीच्या सियाझ किंवा अर्टिगावर ‘स्मार्ट हायब्रिड’ असे लिहिलेले असते; त्या सौम्य हायब्रिड आहेत, त्यांतील जादा बॅटरी १२ व्होल्टचीच असते आणि तिच्यापासून शॉकचा धोका नाही. याउलट २०२२ मध्ये आलेल्या टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड व्हिटारा आणि होंडा सिटी यांच्या ‘स्ट्राँग हायब्रिड’ आवृत्त्यांत, तसेच त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रिड आवृत्तीत, उच्च दाबाची, म्हणजे जास्त व्होल्टची, स्वतंत्र बॅटरी असते. ग्रँड व्हिटाराचेच उदाहरण घ्यायचे, तर तेच नाव आणि तोच आकार असलेली गाडी सौम्य हायब्रिड असू शकते, स्ट्राँग हायब्रिड असू शकते किंवा सीएनजीवर चालणारी असू शकते. तीनही गाड्यांत आमच्या कामाची पद्धत वेगळी आणि बाहेरून दिसणारी खूण म्हणजे मागच्या दारावरचे एक छोटे अक्षरचिन्ह, जे धडकेत निघून पडलेले असू शकते.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीनमध्ये प्रकल्प उभारण्यासाठी टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी ३१ जुलै २०२४ रोजी सामंजस्य करार केला, त्या सुमारास आमच्या अधिकारी साहेबांनी हा विषय गांभीर्याने हाती घेतला. या गाड्या येथेच तयार होणार असतील, तर त्या आपल्याच रस्त्यांवर आधी दिसतील आणि आपल्यालाच त्यांतून माणसे काढावी लागतील, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी वाहन कंपन्यांनी आपत्कालीन सेवांसाठी तयार केलेल्या मार्गदर्शक पुस्तिका मिळवून त्यांतील चित्रांच्या प्रती काढल्या. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १७८४० नुसार प्रत्येक मॉडेलसाठी जी बचावपत्रिका तयार केली जाते, तिच्यात उच्च दाबाची बॅटरी, केबल, एअरबॅगचे गॅस सिलिंडर, मजबूत पोलादाचे भाग हे सगळे ठरावीक रंगांत दाखवलेले असते. युरोपात हे कागद २०२० पासून ‘युरो रेस्क्यू’ या ॲपवर मोफत मिळतात. आपल्याकडे विकली जाणारी सगळी मॉडेल्स त्यात नाहीत, तरी रंगांची आणि खुणांची भाषा कळण्यासाठी तेवढे पुरेसे होते.

कागद वाचून झाल्यावर साहेबांनी एका हायब्रिड गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आमच्यासाठी प्रात्यक्षिक ठरवले. तेथील मुख्य मेकॅनिकने लिफ्टवर चढवलेली एक गाडी आम्हाला खालून दाखवली, आणि मला वाटते त्या एका दर्शनाने आमच्या मनातली निम्मी धास्ती गेली. मागच्या बाजूच्या बॅटरीपासून पुढच्या इंजिनापर्यंत, गाडीच्या पोटाखालून, बोटाएवढ्या जाडीच्या नारिंगी केबल पत्र्याच्या आडोशाने गेलेल्या होत्या. उच्च दाबाची वायर नारिंगी रंगाची असते, हे सर्व कंपन्या पाळतात. आमच्यातील एका तरुण फायरमनने विचारले, “गाडीच्या बॉडीला हात लावला तर करंट बसेल का?” हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात होता. मेकॅनिकने समजावून सांगितले की, नेहमीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीची एक बाजू गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते, पण उच्च दाबाच्या बॅटरीच्या दोन्ही बाजू पत्र्यापासून पूर्ण वेगळ्या ठेवलेल्या असतात. प्रवाह बॅटरीतून निघून परत बॅटरीतच येतो. पत्र्यातून तो वाहतच नाही. शिवाय कुठे गळती झाल्यास ती ओळखणारी यंत्रणा गाडीत असते. त्यामुळे गाडीच्या पत्र्याला हात लावायला घाबरण्याचे कारण नसते. पुराच्या पाण्यात उभ्या असलेल्या गाडीलाही हेच लागू आहे, आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात नद्यांनी पात्र सोडले तेव्हा ही माहिती किती आवश्यक आहे हे लक्षात आले. धोका आहे तो तुटलेल्या किंवा सोललेल्या नारिंगी केबलला, फुटलेल्या बॅटरीच्या पेटीला किंवा इन्व्हर्टरला (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलून देणाऱ्या भागाला) हात लावण्यात.

तो धोका किती, हेही त्याने आकड्यांत सांगितले. थेट प्रवाहात (डीसी) ६० व्होल्टच्या वरचा दाब धोकादायक मानला जातो. १९९७ मध्ये जपानमध्ये आलेली प्रियस ही मोठ्या प्रमाणावर तयार झालेली पहिली हायब्रिड गाडी. तिच्या दुसऱ्या पिढीच्या बॅटरीचा दाब २०१.६ व्होल्ट होता आणि मोटर चालवताना तो ५०० व्होल्टपर्यंत वाढवला जात असे. अशा दाबाच्या दोन्ही टोकांमध्ये माणूस सापडला तर तो वाचणे कठीण.

मात्र हा दाब बॅटरीच्या पेटीबाहेर येतो तो पेटीतील रिलेंमधून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांमधून, आणि हे रिले उघडे-बंद होतात ते साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर. गाडी पॉवर बटणाने बंद केली की रिले उघडतात. एअरबॅग फुटल्या तरी बहुतेक गाड्यांत ते आपोआप उघडतात. १२ व्होल्टची वायर काढली की ते पुन्हा जुळूच शकत नाहीत. म्हणजे जी छोटी बॅटरी आम्ही इतकी वर्षे तोडत आलो, तीच येथेही मुख्य किल्ली आहे. फक्त ती नेहमी बोनेटखाली असेलच असे नाही. काही हायब्रिड गाड्यांत ती मागे डिकीत असते. आणि रिले उघडल्यानंतरही इन्व्हर्टरमधील कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, भार शिल्लक राहतो, म्हणून नारिंगी केबलच्या जवळपासचे काम करण्यापूर्वी दहा मिनिटे थांबावे, असे पुस्तिकांत लिहिलेले असते. एअरबॅगच्या यंत्रणेत मात्र सुमारे दीड मिनिटापर्यंत भार राहतो. हे दोन आकडे आम्ही केंद्रातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहेत.

हातमोज्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण छोट्या केंद्रांवर याच बाबतीत सर्वाधिक दुर्लक्ष होते असे मला दिसले आहे. उच्च दाबाच्या भागांजवळ काम करण्यासाठी ‘क्लास झिरो’चे रबरी हातमोजे लागतात, जे १००० व्होल्टपर्यंतच्या प्रत्यावर्ती (एसी) दाबासाठी प्रमाणित असतात. त्यांच्यावरून कातडी मोजे घालायचे असतात, कारण रबराला काचेचा तुकडा लागून बारीकसे छिद्र पडले तरी मोजा निरुपयोगी होतो. मेकॅनिकने मोजा हातात घालण्याआधी त्याची तपासणी करून दाखवली. त्याने मोज्याची मनगटाकडची कड दोन्ही हातांनी ताणून धरली, हवा आत कोंडली, कड बोटांच्या दिशेने घट्ट गुंडाळत नेली आणि फुगलेली बोटे एकेक करून गालाजवळ आणि कानाजवळ धरली. हवा निसटत असेल तर गालाला गार लागते आणि कानाला फुस्स असा बारीक आवाज येतो. आम्ही प्रत्येकाने ते करून पाहिले, आणि सरावासाठी ठेवलेल्या जुन्या मोज्याच्या करंगळीतून खरोखरच हवा निसटत होती. डोळ्यांनी पाहून ते छिद्र कोणालाच दिसले नसते. वापरातील मोजे दर सहा महिन्यांनी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे लागतात. आमच्या केंद्राला दोन जोड मिळाले आहेत, ते घडी न घालता, उन्हापासून दूर, बंबाच्या बंद कप्प्यात ठेवलेले असतात. मराठवाड्यातील एप्रिल-मेच्या उन्हात रबर किती लवकर खराब होते, हे येथे काम करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

या तयारीनंतर काही महिन्यांनी, साखर कारखान्यांचा हंगाम जोरात असताना, रात्री उशिरा वर्दी आली. महामार्गावर एक कार ऊस भरलेल्या ट्रॉलीवर मागून आदळली होती आणि चालक आत अडकला होता. नियंत्रण कक्षातून गाडीचा नंबर मिळाला, तेव्हा आमच्या ऑपरेटरने तो परिवहनच्या ॲपवर टाकून इंधनाचा प्रकार पाहिला आणि ‘पेट्रोल हायब्रिड’ असे वायरलेसवरून कळवले. या नोंदीवरून सौम्य की स्ट्राँग हे ठरत नाही, कारण दोन्ही प्रकारांची नोंद तशीच झालेली असू शकते. तरीही वाटेतच मोज्यांचा कप्पा उघडून ठेवण्याइतकी सूचना त्यातून मिळाली.

पोहोचलो तेव्हा दृश्य नेहमीचेच होते. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नव्हता, उसाच्या मोळ्या रस्त्यावर विखुरलेल्या होत्या, कारचे बोनेट ट्रॉलीच्या चौकटीखाली घुसलेले आणि पुढची काच आत आलेल्या उसाने फुटलेली. मागच्या आसनावरील बाईंना गावकऱ्यांनी आमच्या आधीच बाहेर काढून रुग्णवाहिकेत बसवले होते. ट्रॅक्टरचा चालक साखळी घेऊन उभा होता. “साहेब, गाडी बंदच हाय, आवाज कुठं हाय? साखळी लावतो, मागं ओढून घेऊ पटकन,” असे तो म्हणाला. त्याचा हेतू चांगला होता आणि पेट्रोल गाडीच्या बाबतीत त्याचा अंदाज बरोबरही ठरला असता. मी त्याला म्हणालो, “दादा, जरा दमानं. गाडी खरंच बंद झाली का ते बघू द्या आधी.”

गाडी बंद झालेली नव्हती. चालकाच्या बाजूच्या खिडकीतून, गाडीच्या समोर किंवा मागे उभे न राहता, टॉर्चचा झोत डॅशबोर्डवर टाकला तेव्हा मीटरमध्ये हिरव्या अक्षरांत ‘रेडी’ असे लिहिलेले दिसले आणि गिअर ‘डी’वर होता. हायब्रिड गाडी उभी असताना तिचे इंजिन आपोआप थांबते. ‘रेडी’ दिसत असेल तर ती पूर्ण चालू असते आणि ॲक्सिलरेटरवर दाब पडताच विजेच्या मोटरवर, आवाज न करता, पुढे जाऊ शकते. या गाडीच्या चालकाचा उजवा पाय पेडलच्या आसपासच चेपलेला होता. साखळी लावून तिला मागे ओढले असते, तर दबलेला पाय कोणत्या पेडलवर पडला असता हे कोणालाच सांगता आले नसते. दुसरी गोष्ट म्हणजे एअरबॅग फुटलेल्या नव्हत्या. गाडी चौकटीखाली घुसल्यामुळे धडक बंपरऐवजी वरच्या बाजूला बसली होती, आणि अशा अपघातात सेन्सरला हवा तसा धक्का कधी कधी मिळत नाही. याचा अर्थ रिले आपोआप उघडले आहेत असे गृहीत धरता येत नव्हते आणि चालकाच्या छातीसमोर न फुटलेली एअरबॅग तशीच होती.

दोघा फायरमननी मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले. मी आत हात घालून ‘पी’ दाबले, हँडब्रेकचे बटण ओढले आणि पॉवर बटण दाबले. ‘रेडी’ गेले, मीटर अंधारले, ते सगळ्यांना ऐकू जाईल असे मोठ्याने सांगितले. त्यानंतर चावीचा प्रश्न आला. या गाड्यांची चावी खिशात किंवा पर्समध्ये असली तरी पुरते. ती जवळ असताना चुकून बटण दाबले गेले तर गाडी पुन्हा चालू होऊ शकते. चालकाला आम्ही विचारले, “काका, चावी कुठंय?” ते शुद्धीवर होते. “हिच्या पर्समध्ये,” एवढेच ते बोलू शकले. रुग्णवाहिका कारपासून चार पावलांवर उभी होती. आमच्या एका सहकाऱ्याने मावशींना समजावून पर्समधील चावी घेतली आणि ती पोलिस हवालदारांकडे देऊन त्यांना महामार्गाच्या पलीकडच्या कडेला थांबायला सांगितले. पुस्तिकेत चावी किमान पाच मीटर दूर ठेवावी असे म्हटलेले असते.

यानंतर १२ व्होल्टची वायर काढायची होती, पण ती काढण्याआधी एक काम करून घ्यायचे असते, आणि माझ्या दृष्टीने त्या रात्रीचा सर्वांत महत्त्वाचा भाग तोच होता. चालकाचे आसन विजेवर सरकणारे होते. वायर काढल्यावर ते जागच्या जागी अडकले असते आणि आम्हाला ते कापावे लागले असते. १०८ च्या डॉक्टरांनी मागच्या आसनावरून काकांची मान दोन्ही हातांनी स्थिर धरली, कॉलर घातली, आणि मी आसनाच्या कडेचे बटण हलकेच मागे दाबले. आसन एकदम न सरकता किंचित थबकत, कण्हल्यासारखा आवाज करत मागे गेले, आणि डॅशबोर्ड व मांडी यांच्यामध्ये वितीएवढी जागा झाली. डाव्या पायाची सुटका तेवढ्यानेच झाली. उजवा पाय घोट्यापाशी अडकलेलाच होता. त्याच वेळी दुसऱ्याने डिकी उघडून घेतली, कारण तिचे कुलूपही विजेवर चालणारे असते आणि या मॉडेलची छोटी बॅटरी डिकीतच होती.

डिकीत उजव्या बाजूचे झाकण काढल्यावर ती दिसली. मागच्या आसनाच्या पाठीमागे उच्च दाबाच्या बॅटरीची धातूची पेटी आणि तिच्यातून निघालेली नारिंगी केबलही तेथेच होती. आमच्या तरुण फायरमनने रबरी मोजे तपासले, वर कातडी मोजे चढवले आणि १० नंबरच्या पान्याने आधी काळ्या वायरीचा नट सैल केला. वायर काढल्यावर ती पुन्हा टोकाला लागू नये म्हणून टेपने गुंडाळून बाजूला वाकवली. वायर कापूनही काम भागते, पण नटाने काढणे शक्य असेल तर ते बरे, असे मला वाटते. पेटीला आणि नारिंगी केबलला कोणी हात लावला नाही. घड्याळ पाहून मी दीड मिनिट पूर्ण होऊ दिले. त्या वेळात डॉक्टरांनी सलाईन सुरू केले. कपॅसिटरसाठीची दहा मिनिटे मात्र आम्ही थांबलो नाही, आणि थांबण्याची गरजही नव्हती. ती मुदत केबल आणि इन्व्हर्टर यांच्याजवळ काम करणाऱ्यासाठी आहे. अडकलेला माणूस वेदनेने विव्हळत असताना, केबलपासून लांब असलेल्या भागावर काम सुरू करायला ती आड येत नाही. हा फरक प्रत्येक फायरमनला नीट समजलेला असला पाहिजे. नाहीतर भीतीपोटी वेळ जातो किंवा घाईपोटी केबल कापली जाते.

स्प्रेडरने दार उघडले. कटर लावण्यापूर्वी छताला आधार देणाऱ्या खांबाचे आतले प्लास्टिक काढून तेथे एअरबॅगचा गॅस सिलिंडर किंवा सीटबेल्टचा पट्टा ताणणारी यंत्रणा आहे का ते पाहिले. डॅशबोर्ड उचलण्यासाठी रॅमचा (ढकलून जागा करणाऱ्या दांड्याचा) पाया गाडीच्या तळाच्या मध्यभागी न ठेवता दाराच्या उंबरठ्यावर, आडव्या लाकडावर ठेवला, म्हणजे पोटाखालच्या केबलवर दाब येणार नाही. संपूर्ण वेळ कोणीही स्टिअरिंग आणि काका यांच्यामध्ये डोके घातले नाही. घोटा सुटला, काकांना पाठफळीवर घेऊन मागे काढले आणि रुग्णवाहिका रवाना झाली. पायाचे हाड मोडले होते. काही आठवड्यांनी ते काठी घेऊन चालू लागल्याचे हवालदारांकडून कळले.

त्या रात्री आग लागली नाही, पण आगीची तयारी ठेवूनच आम्ही काम करत होतो, आणि येथे पाण्याविषयी लिहिणे भाग आहे. लिथियम-आयन बॅटरीतील एक सेल तापून बिघडला की त्याची उष्णता शेजारच्या सेलला बिघडवते आणि ही साखळी बाहेरची ज्योत विझली तरी आत चालूच राहते. पावडरच्या सिलिंडरने ज्योत जाते, पण सेल थंड होत नाहीत; थंड करण्याचे काम पाणीच करते, आणि तेही भरपूर, बराच वेळ. धुरात हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइड असल्यामुळे उघड्यावरसुद्धा बी.ए. सेट (श्वसनयंत्र) घालूनच पुढे जायचे असते. आमच्या बंबात साडेचार हजार लिटर पाणी असते. ज्या प्रदेशातील लातूर शहराला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे ‘भरपूर पाणी’ हे शब्द वाचताना मनात चिंता येतेच. यातली दिलासा देणारी बाब म्हणजे स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी लहान असते. हायरायडर आणि ग्रँड व्हिटारात ती एका युनिटहूनही कमी विजेची, ०.७६ किलोवॅट-तासांची आहे, तर पूर्ण विजेवरच्या कारमध्ये तीस-चाळीस किंवा त्याहून अधिक किलोवॅट-तास असतात. त्यामुळे हायब्रिडची आग आमच्या पाण्यात आटोक्यात येण्याची शक्यता बरीच जास्त आहे, तरीही वर्दी मिळताच टँकर मागवून ठेवण्याचा नियम आम्ही केला आहे. बॅटरीची पेटी टिकाव-पहारीने फोडून आत पाणी सोडण्याचा प्रयत्न मात्र कधीही करायचा नाही. हायक्रॉससारख्या गाडीत निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी असते. तिच्यातील द्रव तीव्र क्षारधर्मी असतो, त्वचेला आणि डोळ्यांना इजा करतो, आणि सांडलाच तर बोरिक ॲसिडच्या द्रावणाने किंवा व्हिनेगरने त्याचा परिणाम घालवता येतो.

माणूस बाहेर निघाला की आमचे काम संपले, अशी पूर्वीची समजूत असे. या गाड्यांच्या बाबतीत पुढचे दोन टप्पेही आमचेच आहेत. पहिला क्रेनचा. क्रेनवाल्याने सवयीने मागून हुक लावून पुढची चाके रस्त्यावर फिरू देत नेण्याची तयारी केली होती. पुढच्या चाकांना मोटर जोडलेली असते आणि चाके फिरली की मोटर जनित्रासारखी वीज तयार करते. नादुरुस्त गाडीत ही वीज कोठे जाईल याची खात्री नसते. आम्ही फ्लॅटबेड, म्हणजे चारही चाके वर चढवून गाडी नेणारा सपाट ट्रक, मागवायला लावला, त्यासाठी तासभर थांबावे लागले आणि महामार्गावरची एक मार्गिका तेवढा वेळ बंद राहिली, पण वाहतूक पोलिसांनी सहकार्य केले.

दुसरा टप्पा गाडी ठेवण्याचा. अपघातातील वाहने पोलिस ठाण्याच्या आवारात, जप्त केलेल्या दुचाकी आणि टेम्पोंच्या गर्दीत, लिंबाच्या झाडाखाली उभी केली जातात. मार्च २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे अपघात झालेल्या विजेच्या कारची बॅटरी पाच दिवसांनी, गाडी ठेवलेल्या यार्डात, पुन्हा पेटली होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नोव्हेंबर २०२० च्या अहवालात अशा घटनांचा अभ्यास करून, मोडलेल्या बॅटरीत अडकून राहिलेली ऊर्जा हा बचावपथकांपुढचा मोठा धोका असल्याचे नमूद केले. अशी गाडी इतर वाहनांपासून आणि इमारतींपासून सुमारे १५ मीटर दूर ठेवावी, असे मार्गदर्शन आहे. हायब्रिडची बॅटरी लहान असली तरी ती लिथियमची असेल आणि तिला मार बसलेला असेल, तर हीच काळजी घ्यावी असे मला ठामपणे वाटते. हवालदारांशी बोलून आम्ही ती कार आवाराच्या मोकळ्या कोपऱ्यात, भिंतीपासूनही लांब ठेवली, तिच्या काचेवर ‘उच्च दाबाची बॅटरी, हात लावू नये’ असा कागद चिकटवला आणि पंचनाम्यात तशी नोंद करायला सांगितली. पुढचे काही दिवस पाळीवरचा फायरमन जाता-येता तेथे थांबत असे. धूर, गोडसर वास, फुसफुसण्याचा किंवा तडतडण्याचा आवाज, यांपैकी काही आहे का ते पाहत असे. विम्याची पाहणी झाल्यावर कंपनीच्या प्रशिक्षित माणसांनी येऊन बॅटरी उतरवून नेली.

यानंतर साहेबांनी महामार्गावरच्या क्रेनवाल्यांची आणि जवळच्या ढाब्यांवरील लोकांची एक बैठक केंद्रात घेतली. त्यांना आम्ही तीनच गोष्टी सांगितल्या : आवाज नसलेली गाडी चालू समजायची, नारिंगी दिसेल ते सोडून द्यायचे, आणि गाडीला साखळी लावण्यापूर्वी आम्हाला विचारायचे. क्रेनवाल्यांचा प्रश्न रास्त होता : तालुक्यात फ्लॅटबेड एखादाच, तो दुसरीकडे गुंतला तर काय करायचे? पुढच्या चाकांना जोर असलेली गाडी पुढून उचलून, मागची चाके रस्त्यावर ठेवून नेता येते, मात्र त्याआधी मागचा हँडब्रेक सुटलेला आहे याची खात्री करावी लागते, आणि १२ व्होल्टची वायर काढल्यावर विजेवरचा हँडब्रेक सुटत नाही, म्हणून अशा वेळी मागच्या चाकांखाली छोट्या चाकांची ट्रॉली लावावी लागते. चारही चाकांना जोर देणारी हायब्रिड असेल, तर फ्लॅटबेड येईपर्यंत ती जागची हलवायची नाही. आता तालुक्यातील दोघा क्रेनमालकांनी चाकाखाली लावायच्या ट्रॉल्या घेतल्या आहेत, आणि त्यांचे दूरध्वनी क्रमांक आमच्या नियंत्रण कक्षाच्या फलकावर लिहिलेले आहेत.